डॉट इनचा मुहूर्त

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सीट धरायची एक रीत आहे. बस अजून पुरती थांबलेली नसते, तोवर खाली उभा असलेला माणूस खिडकीतून रुमाल आत फेकतो. रुमाल ज्या सीटवर पडेल ती सीट त्याची. मग तो निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो, ओळखीच्या माणसाशी दोन गोष्टी बोलतो आणि सगळ्यांच्या शेवटी चढतो. आत लेकरू कडेवर घेतलेली बाई त्या रुमालाकडे बघते आणि उभीच राहते. रुमालाचा मान.

या रीतीला आम्ही जन्मभर अडाणी म्हणत आलो. पण देशाच्या इंटरनेटवरची नावं वाटायला मोठमोठ्या शहाण्या लोकांनी थंड खोल्यांत बसून जी नियमावली केली आहे, ती मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली आहे. छातीठोकपणे सांगतो, ती आमच्या बसस्टँडचीच रीत आहे. फक्त रुमालाच्या जागी फॉर्म आहे. जो आधी फेकेल त्याचं नाव. तो कोण, कुठला, त्या नावाशी त्याचा काय संबंध, हे नाव देताना कोणी विचारत नाही. एवढी अक्कल खर्च करून या मंडळींनी शेवटी रुमाल शोधून काढला.

आणि हे मला कसं कळलं? तर मी स्वतः असा एक रुमाल टाकला होता. माझ्या सख्ख्या बहिणीच्या सीटवर.

सांगतो.

माझा पांढुर्ण्यात, म्हणजे मध्य प्रदेशातल्या आमच्या मराठी मुलखात, छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तेरवीची पत्रं, निवडणुकीत दोन्ही बाजूंची पत्रकं. गावात कोणाचं काय चाललं आहे हे मला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं, कारण मजकूर माझ्याकडे आधी येतो. या धंद्याने माणसाच्या अंगात एक माज येतो. माझ्या अंगात तो भरपूर आहे आणि मी तो लपवत नाही.

ताई सौंसरला दिली. भाऊजी तिथे शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या शेतात त्यांनी संत्र्याच्या कलमांची नर्सरी काढली. भाऊजी माणूस सज्जन, पण पंचांगाला बांधलेला. चप्पल घ्यायला निघाले तरी आधी वार बघतील. शिवाय पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर आमच्या जिल्ह्यात आलं, हे त्यांच्या मनाला अजून लागून आहे. मी गेलो की म्हणतात, "या, जिल्ह्याचे साहेब आले."

ज्यांना कलमांचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचं रोप, आणि त्याच्या सालीत चीर देऊन बसवलेला चांगल्या संत्र्याचा एक डोळा. डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब. तो ज्या झाडाचा, तसं फळ. भाऊजींच्या नर्सरीतले सगळे डोळे बोरगावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या झाडांचे असत. त्यांना आम्ही सगळेच काकाजी म्हणतो. त्यांची झाडं जुनी, निरोगी, आणि फळ असं की सोलताना साल आपणहून बाजूला होते. काकाजी दर हिवाळ्यात स्वतः डोळ्यांच्या काड्या कापून देत. बदल्यात त्यांना फक्त मान लागे. घरात काहीही कार्य असो, पहिलं कार्ड जामसावळीच्या मारुतीपुढे ठेवायचं आणि दुसरं काकाजींच्या हातात द्यायचं. तिसरं कोणालाही द्या, त्यांची हरकत नाही.

तर मागच्या हिवाळ्यात भाऊजींच्या मनात आलं की नर्सरीची वेबसाईट पाहिजे. राजस्थानापासून लोक फोन करून राहिले, त्यांना पत्ता द्यायला काहीतरी पाहिजे. नाव ठरलं. ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही लगेच उघडून बघाल. शेवटी डॉट इन हवं, कारण ते देशाचं. एवढं ठरवून कोणताही शहाणा माणूस काय करेल? नाव नोंदवून टाकेल. भाऊजींनी काय केलं? भटजींना विचारलं. भटजींनी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचा, सकाळी अकरा बेचाळीसचा मुहूर्त काढला. मग भाऊजी माझ्याकडे कार्डं छापायला आले. 'संकेतस्थळ नामकरण सोहळा.' खाली वेबसाईटचा पूर्ण पत्ता, सोनेरी शाईत, चारशे कार्डांवर.

मी मजकूर वाचला आणि म्हणालो, "भाऊजी, कार्डं वाटायच्या आधी नाव घेऊन टाका. दहा मिनिटांचं काम आहे. सोहळा मग सावकाश करा."

भाऊजींनी माझ्याकडे, म्हणजे आपल्या साळ्याकडे, बायकोच्या भावाकडे, नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "साळेबुवा, नाव ठेवून राहिलो आपण. बारशाआधी पोराला कोणी नावानं हाक मारते का?"

"पण दुसऱ्याने घेतलं तर?"

"आपल्या पोराचं नाव दुसरा कायले घेईल?"

बारशाला नाव कानात सांगतात, चारशे लोकांना आठ दिवस आधी छापून पाठवत नाहीत, हे माझ्या तोंडात आलं होतं. पण गिऱ्हाईक आणि बहिणीचा नवरा एकाच खुर्चीवर बसलेला असला की माणूस अर्धंच बोलतो. कार्डं मंगळवारी तयार झाली. भाऊजी गठ्ठा घेऊन आधी जामसावळीला गेले, तिथून बोरगावला, आणि मग सौंसरभर वाटत सुटले.

त्याच दुपारी, जेवून, पोटावर हात फिरवत मी छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसलो आणि ते नाव स्वतःसाठी घेतलं.

का? चोरायला नाही. संत्र्याच्या कलमांचं मी काय करणार? मला धडा शिकवायचा होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या गुरुवारचा प्रसंग रंगवायचा होता. मी डोळ्यांपुढे बघत होतो: अकरा बेचाळीस होतात, पडद्यावर लाल अक्षरं येतात, मंडपात सन्नाटा पसरतो, भाऊजींचा चेहरा पडतो, आणि मग मागच्या रांगेतून मी उठतो, हातात नारळ घेऊन. वाक्यसुद्धा तयार होतं: "ज्यांना मुहूर्त पाहिजे त्यांनी भटजींना विचारावं, ज्यांना नाव पाहिजे त्यांनी साळ्याला विचारावं." आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा 'साळ्याला'च्या आधी थोडं थांबलो, जास्त चांगलं वाटलं.

फॉर्मचं काय सांगू. नाव, पत्ता, मोबाईल, ओळखपत्राचा फोटो. मी कोण आहे याची त्यांना इतकी काळजी की माझ्या जन्मतारखेपर्यंत पोचले. मी मनुष्य आहे की नाही याचीही परीक्षा झाली. झेब्रा क्रॉसिंगची चित्रं ओळखा म्हणाले. आमच्याकडे रस्ता देवाचं नाव घेऊन ओलांडतात, तरी मी ओळखली. पण हे नाव तुम्ही का घेऊन राहिले, ते कोणाचं आहे, सौंसरात हेच नाव लोखंडी फाटकावर रंगवलेलं आहे की नाही, यातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही. शेवटी अभिनंदनाचं पत्र आलं. कोणत्याही वराला आलं नसेल इतकं गोड.

गुरुवार उजाडला. नर्सरीत मंडप. पाटावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारी तांब्या, आंब्याची पानं. सौंसरात ऑनलाईन फॉर्म भरून देणारा एक माणूस आहे. तो स्वतःला कन्सल्टंट म्हणवतो आणि त्यासाठी त्या दिवशी कोट घालून आला होता. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर काकाजी, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. मागे गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजून राहिले होते, वांग्याच्या भाजीचा वास सगळ्या मंडपावर. भटजींचा डोळा घड्याळावर. मी मागच्या रांगेत, मांडीवर नारळ.

अकरा बेचाळीसला भाऊजींनी स्वतः बटण दाबलं. लाल अक्षरं आली. हे नाव उपलब्ध नाही.

मला सुख झालं. खोटं कशाला बोलू? मी ठरवलं होतं, वीस मोजायचे आणि उठायचं. नाटकात वेळ महत्त्वाची. एक, दोन, तीन. मंडपात कुजबुज. सात, आठ. भटजी म्हणाले, नेटवर्कचा दोष असेल. अकरा मोजले तोच भाऊजींनी कन्सल्टंटला विचारलं, "कोणी घेतलं ते दिसते का त्यात?"

हे माझ्या नाटकात नव्हतं.

कन्सल्टंटने नोंदवही उघडली. म्हणजे सगळ्या जगाला बघता येईल अशी नावांच्या मालकांची यादी असते ती. आता त्या नियमावलीची करामत ऐका. मालकाचं नाव: गोपनीयतेसाठी झाकलेलं. पत्ता: झाकलेला. गाव: झाकलेलं. फोन: झाकलेला. राज्य: मध्य प्रदेश. देश: भारत. म्हणजे तोंडाला फडकं बांधायचं आणि धोतर मात्र ओळखू येईल असं ठेवायचं. सगळं झाका नाहीतर सगळं दाखवा. पण नाही. अर्धं दाखवल्याने माणसं काय करतात याचा विचार करायला थंड खोलीत कोणाला वेळ असतो?

"मध्य प्रदेश," भाऊजी सावकाश म्हणाले. मास्तर गणित सोडवतात तसं. "एवढ्या मध्य प्रदेशात आपल्या नर्सरीच्या नावाचं कोणाला काय पडलं आहे?" मग ते पहिल्या रांगेकडे वळले. आवाज अगदी मऊ होता. "काकाजी, तुमची सून कॉम्प्युटरवर बसते ना?"

"बसते," काकाजी म्हणाले. "मंग?"

"नाही, कार्ड तुमच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचलं होतं. मारुतीनंतर तुम्हीच."

काकाजींनी काठी टेकली, उभे राहिले, टोपी सरळ केली.

"मंग आधी मारुतीले इचार," ते म्हणाले, आणि जेवल्याशिवाय निघून गेले.

तुम्ही म्हणाल, तोच क्षण होता, उठायचं होतं. होता. पण त्या वेळी माझ्या तोंडात पेढा होता, आणि ते वाक्य त्या पेढ्याबरोबर खाली गेलं. नारळ खुर्चीखाली ठेवला. भाऊजींची जिरवायला केलेली खोडी आता म्हाताऱ्याच्या अपमानाला चिकटली होती, आणि तिच्याबरोबर उभं राहायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. ज्या माणसाने आरशासमोर दोनदा तालीम केली होती तो माणूस त्या दिवशी वांग्याच्या भाजीला मीठ कमी आहे म्हणाला आणि चार रोडगे खाऊन पांढुर्ण्याला परत आला. स्वतःबद्दल याहून वाईट मी लिहू शकतो, पण गरज नाही.

तीन दिवसांनी ताईचा फोन. जंबेरीची साल सुटून राहिली आहे, म्हणजे चीर दिली की साल लाकडापासून अलगद उचलते, डोळा तेव्हाच बसतो. आठ-दहा दिवसांत साल पुन्हा घट्ट होईल आणि हे वर्ष गेलं. काकाजींकडे दोनदा माणूस पाठवला. त्यांनी फाटकावरूनच परत धाडला. दुसऱ्या कोणाच्या झाडांचे डोळे आणू म्हटलं तर भाऊजी नाही म्हणतात. ज्या झाडांचा भरवसा देऊन लोकांना शब्द दिला तीच पाहिजेत, नाहीतर रोपं तशीच राहू दे. तीन दिवस झाले, ते धड जेवलेले नाहीत.

मग ती म्हणाली, "तुला कॉम्प्युटरमधलं समजते. तू शोधून काढ ना रे, चोर कोण आहे तो."

मी म्हणालो, बघतो.

बघितलं. माझा बेत साधा होता: गुपचूप ते नाव भाऊजींच्या नावावर सरकवून द्यायचं. एक दिवस त्यांच्या खात्यात ते आपोआप दिसेल, चमत्कार म्हणून भटजींना श्रेय मिळेल, मी सुटलो. हेल्पलाईनला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली, तिने माझं नाव तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा आनंद झाल्याचं सांगितलं. तिच्याकडून कळलं ते असं. नवीन घेतलेलं नाव साठ दिवस दुसरीकडे हलवता येत नाही. बरं, मी ते सोडून दिलं तर? सोडलेलं नाव लगेच मोकळं होत नाही, बरेच दिवस मध्येच लोंबकळतं, आणि मग पुन्हा रुमाल, जो आधी टाकेल त्याचं. साठ दिवसांनी दिलं तर? तर दोघांनाही पत्र जाईल, जुन्या मालकाचं नाव, नव्या मालकाचं नाव, दोघांच्याही मोबाईलवर ओटीपी. म्हणजे चोराचं तोंड चारशे लोकांपुढे झाकणारा नियम, ज्याचं चोरलं त्याच्यापुढे मात्र ते उघडं करणार. मी त्या मुलीला म्हणालो की तुमचा नियम उलटा शिवलेला आहे. तिला माझ्याशी बोलून पुन्हा आनंद झाला.

शेवटी मी भांडणाचे नियम काढले. नावावरून तंटा झाला तर पंच बसतो. तक्रार करणाऱ्याने दाखवायचं की नावावर त्याचा हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतलं. वाईट हेतू कशाला म्हणायचं याची नीट यादी आहे. मी ती दोनदा वाचली, स्वतःला शोधत. मी विकायला घेतलेलं नव्हतं. गिऱ्हाईक पळवायला घेतलेलं नव्हतं. त्या नियमावलीत चांगला हेतू आणि वाईट हेतू अशा दोनच खुर्च्या मांडलेल्या आहेत. भाऊजींची जिरवायची म्हणून घेतलं, त्याला कुठे बसवायचं? अशा खोडकर माणसाची त्यांनी कल्पनाच केलेली नाही. भारतासाठी नियम करायला बसले आणि साळा विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सौंसरला गेलो. ताई ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, आरशाच्या तालमीसकट. ती मेथी निवडत राहिली. संपल्यावर काड्या गोळा केल्या, ताटली धुतली आणि मग विचारलं, "त्या दिवशी तू जेवला होता ना?"

"हो."

"किती रोडगे खाल्ले?"

"चार."

"काकाजी उपाशी गेले," ती म्हणाली. बस, एवढंच. लहानपणी तिने मला पुष्कळ वेळा मारलं आहे. त्यातलं काही इतकं लागलं नव्हतं.

भाऊजींना तिनेच आत बोलावलं आणि तिनेच सांगितलं. मी भिंतीकडे बघत होतो. भाऊजींनी पूर्ण ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता निदान एक तरी शिवी येईल आणि मोकळं वाटेल. पण ते ताईकडे वळून म्हणाले, "म्हणजे मुहूर्तात दोष नव्हता."

अशा माणसापुढे काय करावं? त्यांचा अपमान झाला होता, वर्ष बुडत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवांतपणा होता, कारण अकरा बेचाळीसवर ठपका येत नव्हता. मी या पंचांगवाल्यांना जन्मभर हसलो. त्या दिवशी हसू आलं नाही, याचा मला अजून राग आहे.

बोरगावला तिघेही गेलो. काकाजी बागेत पाणी देत होते. आमच्याकडे बघितलं, पाणी बंद केलं नाही. भाऊजी हात जोडून म्हणाले की काकाजी, मी चुकलो. काकाजी म्हणाले, "तू चुकला ते तं सगळ्याईले ठाऊक हाय. चोर कोण, ते कोणाले ठाऊक हाय?"

मी म्हणालो, "मी आहे, काकाजी."

त्यांनी मला खालून वर बघितलं. नाटकात मला पाहिजे होता तसाच सन्नाटा होता, फक्त मंडप नव्हता आणि नारळ नव्हता. मग ते पाण्याचं बारं झाडांच्या दुसऱ्या ओळीकडे फिरवून आले, बांधावर बसले आणि म्हणाले, "तुमी माह्या घरी येऊन माफी मांगून राहिले. मी कुठं बसलो होतो तवा? घरी?"

ताईला लगेच समजलं. मला थोडा वेळ लागला.

"मंडपात चारशे कार्डाईचे लोक होते," काकाजी म्हणाले. "तेवढ्याच कार्डाईनं माफी पाहिजे. छापणारा तुमच्याच घरचा हाय. पहिलं कार्ड मारुतीले. दुसरं मले. मंग मी पायतो, डोळे द्यायचे का नाई."

मी सांगतो, जगातल्या सगळ्या पंचांनी मिळून असा निवाडा दिला नसता. नियमावलीत माझ्यासाठी जी खुर्ची नव्हती ती या म्हाताऱ्याने बांधावर बसून दोन वाक्यांत मांडली. ना ओटीपी, ना बासरी.

मी तेव्हाच निघालो आणि दुपारी मशीनवर होतो. आता माझ्यातला मुद्रक जागा झाला होता, त्याला मी काय करू? तेच कार्ड, तीच सोनेरी शाई, तीच गणपतीची आकृती. फक्त 'कळविण्यास आनंद होतो'च्या जागी 'कळविण्यास लाज वाटते'. पुढे लिहिलं की नर्सरीचं नाव ज्याने आधी बळकावलं तो मालकाचा सख्खा साळा असून पांढुर्ण्यात छापखाना चालवतो. बोरगावच्या काकाजींवर त्या दिवशी आलेला संशय पूर्ण खोटा होता. काकाजी उपाशी गेले आणि चोर जेवून गेला. शेवटचं वाक्य ताईने फोनवर सांगितलं. मी ते नको म्हणालो. तिने फोन ठेवला. मी वाक्य ठेवलं.

दुसऱ्या सकाळी पहिलं कार्ड जामसावळीला घेऊन गेलो. मारुती तिथे आडवा पहुडलेला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मी कार्ड पुढे ठेवलं आणि हात जोडले. पुजाऱ्याने सवयीने कार्ड उचलून वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि प्रसाद देताना जरा कमी दिला.

दुसरं कार्ड बोरगावला. ताई आणि भाऊजी आधीच येऊन उभे होते. काकाजींनी कार्ड सुनेच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाच म्हणाले. तीच सून, जी कॉम्प्युटरवर बसते. तिने वाचलं, 'सख्खा साळा' आल्यावर पदराने तोंड झाकलं, पण आवाज थांबवला नाही. शेवटच्या वाक्याला काकाजींनी मान हलवली.

मग ते कात्री घेऊन झाडांकडे गेले. त्यांनी एकेक काडी बघून कापली, पानं काढली, देठ तेवढे ठेवले, ओल्या पोत्यात गुंडाळून पोतं ताईच्या हातात दिलं. भाऊजींच्या नाही. ताईने पोतं लेकरासारखं धरलं. चालू लागलो, तेव्हा काकाजींनी मला एकट्याला थांबवलं. कार्ड अजून त्यांच्याच हातात होतं.

"बाकी कार्ड झकास छापलं," ते म्हणाले. "एकच गोष्ट. खाली तुह्या प्रेसचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात टाकलं हाय. मले चष्म्यानंबी दिसून नाई राहिलं."

उरलेली तीनशे अठ्ठ्याण्णव कार्डं मी त्याच संध्याकाळी पुन्हा छापली. खाली प्रेसचं नाव, वरच्या शीर्षकाएवढं मोठं. सौंसरभर ती दोन दिवस फिरून स्वतः वाटली, एकेका दारात उभं राहून, समोरचा वाचून होईपर्यंत. त्या दोन दिवसांत मला तीन लग्नांची कामं मिळाली, हे भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.

साठ दिवस झाले तेव्हा नर्सरीत डोळे फुटले होते. जंबेरीच्या काळपट बुंध्यावर संत्र्याची दोन-दोन पोपटी पानं. मी लॅपटॉप घेऊन गेलो. काकाजींना बोलावलं होतं, ते मधल्याच खुर्चीवर बसले. या वेळी आधी जेवले. फॉर्मने विचारलं, मालक बदलण्याचं कारण काय: विक्री, वारसा, कंपनीचं विलीनीकरण, इतर. मी 'इतर'वर टिचकी मारली. माझा ओटीपी टाकून झाला, मग भाऊजींच्या फोनवर आला. ते खिशात हात घालून काहीतरी शोधू लागले, आणि आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की खिशात पंचांग आहे.

ताईने त्यांच्या दुसऱ्या हातातला फोन काढून घेतला आणि सहा आकडे मला वाचून दाखवले.